नावं ठेवताना

माझी सगळी नोकरी जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीमागे गेली. ठाणे जिल्ह्यातली एक नगरपालिका, घरघरणारा पंखा, लोखंडी कपाटं आणि खाकी कापडाच्या बांधणीची जाडजूड रजिस्टरं. मृत्यूच्या फॉर्मवर नाव असतंच. जन्माच्या फॉर्मवर तो रकाना बहुधा रिकामा यायचा. बारसं व्हायचं असायचं, आत्या गावाहून यायची असायची, नाहीतर दोन्ही आज्यांचं एकमत व्हायचं असायचं. मग महिन्या-दोन महिन्यांनी बाप चिठ्ठीवर नाव लिहून आणायचा आणि मी रकाना भरायचे. त्या रकान्यापायी मला कोश चाळायचं व्यसन लागलं, ते निवृत्तीनंतरही सुटलेलं नाही. हल्ली नात्यागोत्यात पाळणा हलला की मला फोन येतो. नाव वेगळं हवं, अर्थ चांगला हवा, दोनच अक्षरी हवं आणि अमेरिकेत उच्चारता आलं पाहिजे, अशी मागणी असते. या चारही अटींत बसणारं नाव मिळणं कठीण. पण शोधता शोधता जे कळलं ते लिहून ठेवते. मराठीत नावं ठेवणं म्हणजे दोष काढणंसुद्धा. तेही थोडं होईल.

१. मोबाइलवरच्या यादीतला अर्थ कोशात पाहिल्याशिवाय घेऊ नये.

मध्यंतरी आरव नावाची लाट आली होती. चिठ्ठीवर नाव, नावापुढे कंसात अर्थ: 'शांत'. संस्कृतात रव म्हणजे आवाज आणि आरव म्हणजे आरोळी, कल्लोळ. पहिलं वर्षभर घरात जे चालतं ते पाहता नाव अर्थाला धरूनच आहे म्हणा, पण आईबापांना अपेक्षित होतं त्याच्या अगदी उलट. त्यानंतर आला रेयांश. अर्थ काय, तर 'प्रकाशाचा अंश'. इंग्रजीतला रे आणि संस्कृतातला अंश यांचा हा संधी पाणिनीला दाखवायची माझी हिंमत नाही.

कियाराची गंमत निराळी. इटलीत क्यारा हे जुनं नाव आहे, लॅटिन क्लारापासून आलेलं. अर्थ स्वच्छ, उजळ. म्हणजे आपली उज्ज्वला. आयर्लंडमध्ये जवळपास तशाच स्पेलिंगचं एक नाव आहे, त्याचा उच्चार कीरा होतो आणि मूळ शब्दाचा अर्थ काळा. म्हणजे आपली श्यामा. आता तुमची कियारा यांतली कोणती, हे तुमचं तुम्ही ठरवायचं. काही नावांना दोन्ही अर्थ खरे असतात. समीर संस्कृतात वारा आणि अरबीत रात्री गप्पांना सोबत करणारा. असं नाव हाती लागलं तर सोडू नये.

वामन शिवराम आपट्यांचा कोश १८९० सालचा, मोनिअर-विल्यम्सचा १८९९चा. दोन्ही आता घरबसल्या उघडता येतात. पाच मिनिटांचं काम आहे.

२. धोंडू, दगडू, केरू ही नावं आईबापांनी सर्वांत जास्त विचार करून ठेवलेली असतात.

रिक्षा चालवणारा एक चाळिशीचा माणूस आईला घेऊन खिडकीशी आला होता. पासपोर्टसाठी जन्मदाखला हवा होता आणि जमलं तर त्यावरचं 'दगडू' काढून 'दिनेश' करून हवं होतं. मी सांगितलं, नोंदलेलं नाव इथे असं बदलत नाही, त्यासाठी राजपत्रात जाहिरात द्यावी लागते. तो वैतागला. म्हणाला, "बाई, माझी पोरं हसतात हो मला. आईबापाला दुसरं नाव सुचलं नाही का?" आई बाकावर बसून पिशवीतले कागद लावत होती. मान वर न करता म्हणाली, "सुचली व्हती की. सुरेश, रमेश, प्रकाश. तिघं बी गेले." तो गप्प झाला. राजपत्राचा पत्ता मात्र लिहून घेऊन गेला.

ज्या घरात मूल टिकत नसे तिथे पुढच्या मुलावर काळाची नजर जाऊ नये म्हणून नाना उपाय चालत. मुलाचं नाक टोचायचं, मुलगी आहे असं भासवायचं; त्यातून नथू. उकिरड्यावर ठेवून पुन्हा उचलून आणायचं. त्यातून उकिरडा, केरू, कचरू. देवाकडून भीक मागून आणलेला तो भिकू, भिकाजी. आणि दगड-धोंडा तर मरतच नाही. ही युक्ती आपलीच असेल असं मला बरीच वर्षं वाटायचं, आणि मग कोशांच्या नादात एकेक करून भावंडं भेटत गेली. तमिळमध्ये पिच्चै म्हणजे भिक्षा. गुगलच्या सुंदर पिचाईंच्या नावात आपला भिकाजीच आहे. कुप्पै म्हणजे केर. तिकडचा कुप्पुस्वामी तो इकडचा केरू. तुर्कस्तानात मूल वाचावं म्हणून दुर्सुन, म्हणजे 'राहो', किंवा यशार, म्हणजे 'जगतो', असं नाव ठेवत. नायजेरियातले योरुबा लोक पुन्हा पुन्हा जन्मून पुन्हा पुन्हा मरणाऱ्या मुलाला अबिकू म्हणतात. अशा मुलाची नावं ऐकून पोटात तुटतं: मालोमो, आता परत जाऊ नकोस; दुरोजाये, थांब आणि आयुष्य भोग; कोकुमो, हा आता मरणार नाही.

आणि पीटर? येशूने सायमन नावाच्या कोळ्याला अरामी भाषेत केफा म्हटलं, म्हणजे खडक. ग्रीकांनी त्याचं पेत्रोस केलं. त्यातून इंग्रजांचा पीटर, फ्रेंचांचा पिएर, रशियनांचा प्योत्र आणि गोव्यातला पेद्रू. अर्थाने पाहिलं तर पेद्रू आणि धोंडू एकच. हेतू मात्र उलटा. तिथे खडकावर चर्च उभारायचं होतं. इथे धोंडा म्हणून यमाने त्याच्याकडे ढुंकून पाहू नये एवढीच इच्छा होती.

धोंडो केशव कर्वे १८५८ साली जन्मले आणि १९६२ साली गेले, १०४ वर्षांचे होऊन. त्यांच्या बाबतीत नावाने काम चोख केलं असं म्हणायला हरकत नाही.

३. नकुसा त्या जातीचं नाव नव्हे.

लोक दगडू आणि नकुसा एकाच यादीत घालतात. घालू नये. दगडू म्हणताना आईबाप काळाशी खोटं बोलत असतात. नकुसा म्हणताना मुलीशी खरं. मुलगी नको होती, पुढच्या खेपेला मुलगा व्हावा, इतकाच त्याचा मतलब. सातारा जिल्हा परिषदेने २०११ साली अशा २८०हून अधिक मुलींना जाहीर कार्यक्रम घेऊन नवी नावं दिली. इथेही आपण एकटे नाही. तमिळनाडूत वेण्डाम् म्हणजे नको. तुर्कस्तानात येतेर म्हणजे पुरे, आणि जरा मायेने म्हणायचं तर सोनगुल, म्हणजे शेवटचं गुलाब. चीनमध्ये जाओदी, म्हणजे धाकट्या भावाला बोलावून आण. मुलीला जन्मतःच भावाला आणायच्या कामाला लावलेलं. या विषयावर मला याहून जास्त लिहवत नाही.

४. वारावरून ठेवलेल्या नावाला कमी लेखू नये.

आमच्या जिल्ह्यात वारली, कातकरी, ठाकर पाड्यांवरून येणाऱ्या फॉर्मांत सोम्या, मंगळ्या, बुध्या, शुक्र्या ही नावं असायची. सोमवारी झाला तो सोम्या. त्यात अवघड काही नाही. एक तरुण डॉक्टर मात्र ही नावं परस्पर सुधारून पाठवायचा. मंगळ्याचा मंगेश व्हायचा, बुध्याचा बुद्धिप्रकाश. पोराच्या बापाला पत्ताही नसायचा. पुढे शाळेत घालायची वेळ आली की बाप म्हणायचा, बुद्धिप्रकाश कोण, आमच्या घरात कुणी नाही.

वारली चित्रकला जगभर नेणाऱ्या जिव्या सोमा म्हसे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा त्या यादीत बापाच्या नावाच्या जागी सोमवार झळकला. गोव्यात दुमिंग नावाचे किती तरी जण सापडतील. पोर्तुगीज दोमिंगुस म्हणजे रविवार, लॅटिनमधला प्रभूचा दिवस. आणि घानातल्या अकान लोकांत तर प्रत्येकाला वाराचं नाव असतंच. क्वामे एन्क्रुमा शनिवारचे. कोफी म्हणजे शुक्रवारी जन्मलेला मुलगा. कोफी अट्टा अन्नान हे पूर्ण नाव सोडवून पाहिलं तर शुक्रवारचा, जुळ्यांतला, चौथा, असा चक्क जन्माचा तपशील हाती येतो. आमच्या फॉर्मात यासाठी तीन रकाने आहेत. म्हणजे १९९७ ते २००६ अशी दहा वर्षं संयुक्त राष्ट्रांचा कारभार एका शुक्र्यानेच पाहिला. त्यांचं नाव कुणी सुधारलं नाही.

५. नाव ऐकून जात-धर्म ठरवण्याची घाई करू नये.

खिडकीशी बसणाऱ्याला ही खोड लागतेच. नाव वाचायच्या आधी डोक्यात शिक्का तयार असतो. माझी ती खोड रजिस्टरांनीच मोडली.

समाजी हसाजी दिवेकर हे नाव वाचून कोण डोळ्यांसमोर येतं? धोतर, पागोटं, कपाळाला गंध? १७९६ साली मुंबईतलं पहिलं सिनेगॉग बांधणारे ते हेच. समाजी म्हणजे सॅम्युएल, हसाजी म्हणजे इझिकेल, आणि दिवेकर हे कोकणातल्या दिवे गावावरून. कोकणातले बेने इस्रायली शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणे. बायबलातली नावं त्यांनी सोडली नाहीत, पण त्यांना मराठी 'जी' लावून गावात मिसळून टाकलं. अब्राहम झाला अबाजी, मोझेस झाला मुसाजी, आयझॅक झाला एसाजी. एसाजी ऐकून कुणाला येसाजी कंक आठवले तर दोष कानाचा नाही. हिब्रूत आयझॅकचा अर्थ 'तो हसेल'. नव्वदीच्या सारेला मूल होणार म्हणताच तिला हसू फुटलं होतं, त्याची ही आठवण. कवी निसीम इझिकेल यांचं नाव मराठी माणूस हमखास 'निस्सीम' ऐकतो आणि मनातल्या मनात भक्त जोडून टाकतो. हिब्रूत निसीम म्हणजे चमत्कार, तेही अनेकवचनी.

उलट दिशेनेही तसंच. मालोजीराजे भोसल्यांना मूल होत नव्हतं, त्यांनी अहमदनगरच्या शहाशरीफ पिराला नवस केला आणि दोन मुलगे झाले, असं परंपरा सांगते. एक शहाजी, दुसरा शरीफजी. पीर एकच, नाव वाटून दिलं. शरीफजी १६२४ साली भातवडीच्या लढाईत कामी आले. थोरल्याचा मुलगा कोण हे सांगायला नको. पिराजी, फकिरा, दौलतराव, हैबतराव, साहेबराव, गुलाबराव ही नावं ज्या घरांत पिढ्यान् पिढ्या चालली त्या घरांना ती कधी परकी वाटली नाहीत. हैबत अरबी, गुलाब फारसी, राव आपला; आणि तिघांचं छान जमतं.

माझं सर्वांत आवडतं उदाहरण चाकणचं. १६६०त शायिस्ताखानाच्या फौजेपुढे चाकणचा किल्ला लढवणारे फिरंगोजी नरसाळा. फिरंग हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला, फारसीत अरबीतून, आणि मूळ आहे फ्रँक ही युरोपातली टोळी, जिच्यावरून फ्रान्सला नाव मिळालं. फिरंग नावाची तलवारही होती, ती परदेशी पात्याची म्हणून. आता इटलीत जा. असिसीच्या संताला बापाने हाक मारली फ्रांचेस्को, म्हणजे फ्रान्सवाला, त्यातून फ्रान्सिस. वसईच्या प्रत्येक आळीत एक तरी फ्रान्सिस असतो. त्याला मी सांगत असते, तू आणि चाकणचा किल्लेदार मुळात एकाच नावाचे. तो हसतो. पण खरं आहे.

मुंबईच्या पारशांबद्दल एवढंच सांगते. बेहराम हे अवेस्तातलं वेरेथ्रग्न, म्हणजे वेदातला वृत्रहन्, इंद्राचं विशेषण. आणि जमशेद म्हणजे यिम क्षएत, तेजस्वी यिम. हा यिम वेदातला यमच. तिकडे तो सुवर्णकाळाचा राजा राहिला, इकडे रेड्यावर बसून न्यायला येऊ लागला. म्हणून आपल्याकडे यम नावाचा मुलगा सापडत नाही आणि त्यांच्याकडे घराघरांत जमशेद असतो.

६. नाव कुणी ठेवलं हे आधी पाहावं, अर्थ मागाहून.

रजिस्टरांत 'उर्फ' हा शब्द सर्वांत जास्त वेळा बायकांच्या नावापुढे लिहावा लागला. माहेरचं नाव शाळेच्या दाखल्यावर, सासरचं रेशनकार्डावर, आणि बाळाच्या फॉर्मात आईचं नाव म्हणून नवऱ्याने भलतंच लाडाचं सांगितलेलं. एकीच्या तीन बायका झालेल्या. मग शपथपत्र करा, स्टँप आणा, नोटरी गाठा. हेलपाटे तिलाच.

याचं मूळ त्या ताटात आहे. लग्न लागून वरात घरी आली, मुलीने माप ओलांडलं, लक्ष्मीपूजन झालं की ताटात तांदूळ पसरायचे. नवरा सोन्याच्या अंगठीने त्या तांदळात नाव लिहितो. दिवाणखान्यात सगळे वाकून बघतात, एखादी मावशी चष्मा शोधते, कुणी तरी मोठ्याने वाचतं, पेढे वाटले जातात. तोवर मुलीला स्वतःलाच ठाऊक नसतं आपण आता कोण. तांदूळ पुढे डब्यात जातात. नाव राहतं.

कल्याणला १८६५ साली जन्मलेली यमुना लग्नात आनंदी झाली आणि डॉक्टर आनंदीबाई जोशी म्हणून अमेरिकेतून शिकून आली. कुर्लेकरांची यमुना ही रमाबाई रानडे झाली. गोदूबाई धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह झाल्यावर आनंदीबाई झाली. गोखल्यांची मनकर्णिका टिळकांकडे लक्ष्मीबाई होऊन 'स्मृतिचित्रे' लिहिती झाली; त्याआधीची एक मनकर्णिका झाशीला जाऊन लक्ष्मीबाई झाली होतीच. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात नक्षत्राचं, झाडाचं, नदीचं नाव असलेली मुलगी करू नये असा उल्लेख आहे. या नद्या त्या श्लोकामुळे पुसल्या असं मी म्हणत नाही, कारण घरोघर गंगा-यमुना सुखाने नांदल्या आणि नावं सरसकट सगळ्यांचीच बदलत. पण यमुनेची आनंदी करणाऱ्याने अर्थ चांगलाच निवडला होता. विचारलं मात्र नव्हतं.

माझ्या लग्नात ह्यांनी तांदळात माझंच जुनं नाव लिहिलं. सासूबाई म्हणाल्या, चुकलास का रे? हे म्हणाले, नाही, पाठ आहे. तेवढ्यावर मी त्यांचे बरेच अपराध पोटात घातले.

७. एकाच नावाची दोन मुलं एकाच गल्लीत वेगवेगळ्या कारणांनी असतात.

मिलिंद घ्या. सत्तरच्या दशकात हे नाव जिकडे तिकडे होतं. सदाशिव पेठेतला मिलिंद म्हणजे संस्कृतातला भुंगा. कमळाभोवती गुणगुणणारा, जरा कवी प्रकृतीचा. भीमनगरातला मिलिंद म्हणजे ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकात पंजाबात राज्य करणारा ग्रीक राजा मेनँडर, ज्याने भिक्खू नागसेनाला प्रश्नांवर प्रश्न विचारले आणि ज्यांच्या संवादाचा 'मिलिंदपञ्ह' हा पाली ग्रंथ झाला. बाबासाहेबांनी औरंगाबादेत १९५० साली सुरू केलेल्या कॉलेजला पुढे मिलिंदाचं नाव मिळालं, आणि परिसराला नागसेनवन. प्रश्न विचारणारा आणि उत्तर देणारा, दोघेही एका आवारात. मेनँडर या ग्रीक नावाची फोड केली तर 'टिकून राहणे' आणि 'पुरुष' हे दोन शब्द निघतात. वर सांगितलेल्या तुर्की दुर्सुनच्या जवळचाच हा, पण ते असो.

१४ ऑक्टोबर १९५६ला नागपुरात दीक्षा झाली. त्यानंतरची रजिस्टरं जरा सलग वाचली तर डोळे उघडतात. मुलाच्या नावाच्या रकान्यात सिद्धार्थ, गौतम, राहुल, प्रज्ञा, सुजाता, करुणा. वडिलांच्या रकान्यात कचरू, धोंड्या, भिक्या. एका ओळीत दोन युगं. वडिलांच्या नावात नजर चुकवायची युक्ती असेल, नाही असं नाही. पण शूद्राचं नाव जुगुप्सित असावं असं मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात स्पष्ट म्हटलं आहे, आणि गावची दप्तरं लिहिणाऱ्यांनी 'राव' कुणाला लावायचं आणि 'या' कुणाला, हे त्या श्लोकाची पोथी न वाचताही बरोबर पाळलं होतं. राहुल या नावाचा बौद्ध परंपरेतला अर्थ आहे बंधन. मुलगा झाल्याचं कळताच सिद्धार्थाने तसं म्हटलं, अशी कथा आहे. चाळीतल्या एका राहुलच्या वडिलांना कुणी तरी मुद्दाम हा अर्थ ऐकवला होता. ते म्हणाले, "असू दे. बुद्धाच्या मुलाचं आहे ना?" विषय तिथेच संपला.

८. अवकहडा चक्राशी हुज्जत घालू नये, वळसा घालावा.

आर्द्रा नक्षत्राच्या एका चरणाला ङ येतो, हस्ताच्या एका चरणाला ण, पूर्वाषाढाच्या एकाला ढ. ङ-वरून नाव शोधत आलेले जीव मी पाहिले आहेत. जुन्या लोकांनी वाट काढून ठेवली आहे: नावरस नाव पत्रिकेत लिहायचं, हाक मारायला दुसरं. फॉर्मात हाकेचं लिहा.

९. शेवटी आकार आला म्हणजे मुलगीच, असं धरून चालू नये.

निकिता हे रशियात मुलाचं नाव. निकिता ख्रुश्चेव्ह काही बाई नव्हते. मूळ ग्रीक शब्द निकेतास, जिंकणारा, आपला विजय. आंद्रेया इटलीत पुरुष आणि बाहेर बहुधा बाई, आणि अर्थ मात्र मर्दानी. सुमन आपल्याकडे कल्याणपूर, बंगालात तो पुरुषही असतो. नावावरून सर्वनाम ठरवायच्या आधी समोर कोण उभं आहे ते पाहून घ्यावं, एवढं पुरे.

१०. दोन धर्मांतल्या जोडप्याला नाव शोधून देणं सर्वांत सोपं.

लोकांना उलट वाटतं. पण अर्थ धरून गेलं की वाट सापडते. एका घरात आजीला नक्षत्राचं नाव हवं होतं, दुसऱ्या घरातल्या आजीला फारसी ढंगाचं. फारसीतली परवीन, अरबीतली सुरैया आणि आपली कृत्तिका, तिन्ही आकाशातला तोच झुबका. मुलीचं नाव परवीन लागलं, पत्रिकेत कृत्तिका, दोन्ही आज्या खूश. फिरोज म्हणजे विजयी. शिरीन म्हणजे गोड, मधुरा. स्टीफन म्हणजे ग्रीकमध्ये मुकुट, किरीट. मार्गारेट म्हणजे मोती, मुक्ता. सोनिया ही सोफियाची लाडकी हाक, अर्थ प्रज्ञा.

देवदत्त तर जगभर आहे. ग्रीकांचा थिओडोर, ज्यूंचा जोनाथन, फ्रेंचांचा द्यूदोने, इराण्यांचा खुदादाद, अरबांचा अताउल्ला, पंजाब्यांचा अल्लादित्ता. रशिया, रुमानिया, सर्बियाकडे बोगदान. त्यातला बोग म्हणजे देव आणि तो आपल्या 'भगवान'मधल्या भगाचा नातलग मानतात. मूल देवाने दिलं यावर इतक्या लोकांचं एकमत आहे की सासर-माहेरचं व्हायला अडचण नसावी.

११. मधलं नाव बिनमहत्त्वाचं समजू नये.

आपण स्वतःचं, मग बापाचं, मग आडनाव लावतो. आइसलँडमध्ये आडनाव बहुतेकांना नसतंच. बापाच्या नावाला 'ची मुलगी' किंवा 'चा मुलगा' जोडलं की झालं. १९८० साली तिथे राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आलेल्या विग्दिस फिन्बोगादोत्तिर म्हणजे फिन्बोगीची मुलगी विग्दिस. फोनच्या यादीतही माणूस पहिल्या नावाने शोधायचा. आईचं नाव लावायलाही तिथे मुभा आहे. नवीन नाव ठेवायचं असेल तर ते आइसलँडिक भाषेच्या व्याकरणात बसतं का हे पाहायला सरकारी समिती आहे. रेयांशच्या वेळी अशी समिती इथेही असावी असं मला वाटून गेलं होतं. पण नावं सुधारणारा तो डॉक्टर आठवला आणि मी तो विचार सोडला.

महाराष्ट्रात १ मे २०२४ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आधी बाळाचं, मग आईचं, मग वडिलांचं नाव आणि शेवटी आडनाव असा क्रम आला. माझ्या निवृत्तीनंतरचा हा बदल. मला खिडकीशी असताना तो बघायला आवडला असता. आता तरी आईचं नाव तिला विचारून लिहा, आणि तिच्या आधारकार्डावर आहे तेच लिहा.

१२. नावाची घाई नाही, नोंदीची आहे.

जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत व्हायला हवी. नावाचा रकाना मात्र रिकामा ठेवला तरी चालतो. १२ महिन्यांपर्यंत नाव विनाशुल्क भरता येतं आणि त्यानंतर विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत. एकदा भरलं की आवडलं नाही म्हणून बदलून मिळत नाही, लेखनातली चूक तेवढी दुरुस्त होते. तेव्हा आज्यांचं भांडण मिटू द्या, कोश पाहा, आत्याला कानात कुर्र करू द्या, पाठीवर धपाटे खाऊ द्या, घुगऱ्या वाटा, आणि मग या. देवनागरी आणि इंग्रजी अक्षरं दोन्ही घरूनच कागदावर लिहून आणा. खिडकीशी उभं राहून बायकोला फोन लावून स्पेलिंग विचारणाऱ्यांमुळे मागची रांग खोळंबते. आणि दीडनंतर येऊ नका, तेव्हा डबे उघडलेले असतात.